फोकस लागेना!

भाच्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना डीएसएलआर मला देऊन टाकला. त्या कॅमेऱ्याने मला तलासरीत कसं रडवलं, ते आज सांगतो.

२०१८ चा भाद्रपद. एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, "गुरुजी, नवं भात आलं, रात्री तारपा आहे. बाबांचा फोटो काढाल का?" बाबा ऐंशीच्या घरातले, पाड्यावरचे जुने तारपावाले. घरात त्यांचा धड एकही फोटो नव्हता.

अंगणात एकच पिवळा बल्ब. मध्ये बाबा, भोवती एकमेकांच्या कमरेत हात घालून फिरणारी पोरं-पोरी. मी बटण अर्धं दाबलं की लेन्स घर्र घर्र पुढे-मागे, फोटो काही निघेना. निघाला तेव्हा एका पोरीचा गजरा लख्ख, बाबा पुसट! त्यात कॅमेऱ्याचा फोकसचा दिवा त्यांच्या डोळ्यांवर पडला आणि त्यांनी तारपा तोंडातून काढला. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो.

मी दोष देत होतो अॅपर्चरला. भाचा हसला. "मामा, डीएसएलआर फोकस करताना लेन्स पूर्ण उघडीच असते. तुम्ही एफ ८ ठेवा नाहीतर एफ ४, फोकसला फरक नाही. लेन्सच मुळात मोठ्या तोंडाची हवी." मग त्याने ५० मिमी, एफ १.८ ची लेन्स पाठवली.

खरी चूक वेगळीच होती. फोकस 'सिंगल'वर होता, म्हणजे जमल्याशिवाय कॅमेरा फोटो घेणार नाही आणि एकदा जमला की तिथेच अडकणार. तोवर बाबा दोन पावलं पुढे! शिवाय बिंदू निवडायचं काम कॅमेऱ्यावर सोडलेलं. तो बहुधा जवळचं, ठळक काहीतरी पकडतो. आता 'कंटिन्युअस' लावलं, फक्त मधला बिंदू ठेवला, दिवा बंद केला. आणि महत्त्वाचं म्हणजे बिंदू गुळगुळीत भोपळ्यावर धरायचा नाही, तिथे कॅमेऱ्याला काही सापडतच नाही. भोपळ्यात बांबूच्या नळ्या शिरतात त्या सांध्यावर धरायचा. कंटिन्युअसचा एक तोटा मात्र आहे. आमच्या कॅमेऱ्यात फोकस नसला तरी फोटो निघतो, त्यामुळे बरेच वाया जातात.

रोज संध्याकाळी डहाणूच्या किनाऱ्यावर सायकलवाल्या पोरांवर सराव केला. सौ. म्हणाली, आता चोर समजून धरतील.

(गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतले तारपा नाचणारे आठवा. जवळचा, लांबचा, सगळे सारखेच स्पष्ट. त्यांना कुठला आलाय ऑटोफोकस!)

दिवाळीआधी पुन्हा गेलो. चाळीस फोटोंत अकरा बरे आले. एकात बाबांचे फुगलेले गाल, मिटलेले डोळे, सगळं स्वच्छ. त्यांनी पडद्यावर बघून विचारलं, "हा एवढा म्हातारा कोण?"

बाबा २०२० मध्ये गेले. तो फोटो आता त्यांच्या ओटीवर आहे, खाली खुंटीला तारपा. नातू शिकतोय. गाल फुगवतो, पण श्वास न तोडता वाजवणं अजून जमत नाही त्याला.