रिकाम्या हाताचा तांडेल

पहाटे आम्ही कोकोड्रीच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा कप्तान होडीत बर्फ भरीत होता. अमेरिकेतील लुईझियाना राज्याच्या दक्षिण टोकाला, जिथे रस्ता संपतो आणि पाणथळ गवताचा अफाट प्रदेश सुरू होतो, तिथले हे लहानसे गाव. सेमिनरीतील आमचे एक सहाध्यायी त्या भागात धर्मसेवा करतात. २०२४ च्या ऑक्टोबरात ते रजेवर भारतात आले आणि महिनाभर त्यांच्या धर्मग्रामाची जबाबदारी आम्ही सांभाळली. निरोपाच्या आठवड्यात तिथल्या तिघा गृहस्थांनी आम्हाला मासेमारीला नेण्याचे ठरविले. (जाता जाता सांगायचे तर, त्या राज्यात जिल्ह्यालाच ‘पॅरिश’ म्हणतात; जुन्या कॅथलिक अमदानीची ती खूण आहे. ‘टेरबोन पॅरिश’ हा फलक पाहून, एवढ्या विस्तीर्ण धर्मग्रामाला धर्मगुरू तरी किती लागत असतील, असा प्रश्न पहिल्या दिवशी आम्हाला पडला होता.)

आमच्या कोळीवाड्यात तांडेल खलाशांना घेऊन समुद्रात जातो आणि आलेल्या मासळीचे वाटे पडतात. इथला कप्तान पाहुण्यांना घेऊन जातो. दिवसाचे भाडे आधी ठरलेले असते, मग गळाला काही लागो वा न लागो. त्यासाठी त्याला तटरक्षक दलाचा परवाना काढावा लागतो. किमान ३६० दिवस पाण्यावर काढल्याचा दाखला दिल्याखेरीज तो मिळत नाही, आणि त्या परवान्यावर सहापेक्षा अधिक पाहुणे नेता येत नाहीत. आम्ही चौघेच होतो. कप्तान पन्नाशीचा, म्हणजे आमच्याच वयाचा, उन्हाने रापलेला आणि मितभाषी.

उजाडताना होडी निघाली. सुकाणूजवळच्या छोट्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यात होडीची खूण सरकत होती. थोड्या वेळाने आमच्या ध्यानात आले की, पडद्यावर आमची होडी जमिनीवरून चालली आहे! यंत्र बिघडले असावे, असे आम्ही म्हणालो. कप्तान हसला. “यंत्र ठीक आहे, फादर. नकाशा जुना आहे. इथे माझ्या आजोबांची गुरे चरत असत.” बोट दाखवून त्याने दूरवरचे काही वाळलेले ओक वृक्ष दाखविले. खारे पाणी मुळांशी आले आणि झाडे उभ्या उभ्या मेली. १९३२ ते २०१६ या काळात लुईझियानाच्या किनाऱ्याने सुमारे ४८०० चौरस किलोमीटर भूमी गमावली, हे आम्ही नंतर वाचले. मिसिसिपी नदीला बांध घातल्याने तिचा गाळ या दलदलीत पसरेनासा झाला, तेलकंपन्यांनी खोदलेल्या कालव्यांतून समुद्र आत शिरला आणि मूळची मऊ जमीन खचत गेली. आकडा वाचून आम्हाला फारसे काही वाटले नाही. पडद्यावरच्या त्या हिरव्या जमिनीवरून होडी जाताना मात्र अंगावर काटा आला होता.

एका उथळ खाडीत शिरताच त्याने मोठे इंजिन बंद केले आणि विजेवर चालणारी लहान मोटर सोडली. तिचा आवाज जवळजवळ नाहीच. मग तो होडीच्या नाळेवर उभा राहून पाणी वाचू लागला. आम्हाला जिथे नुसते पाणी दिसे, तिथे त्याला गवताच्या कडेला उठलेली एक वळी दिसे, क्षणभर वर आलेली शेपटी दिसे. “दहाच्या काट्यावर, तीस पावले,” तो हळूच म्हणे. आणि आम्ही गळ नेमका बाराच्या काट्यावर टाकीत असू. गळाला जिवंत कोळंबी आणि वर तरंगणारे बूच. काठीला झटका दिला की बूच ‘गुडुक’ असा आवाज करते. कुणीतरी कोळंबी टिपते आहे असे समजून मासा धावून येतो. ही विद्या शिकायला आम्हाला दोन तास लागले. आमच्या सोबत्यांपैकी एक निवृत्त शिक्षक स्वतःच्या पराक्रमाच्या कथा सांगत होते आणि त्यांचा दोर वारंवार दुसऱ्याच्या दोरात गुंतत होता. कप्तान प्रत्येक वेळी न बोलता गुंता सोडवी आणि नवी कोळंबी लावून काठी त्यांच्या हातात देई. सबंध दिवसात त्याने स्वतःसाठी एकदाही गळ टाकला नाही.

साडेदहाच्या सुमारास आमच्या काठीला असा हिसका बसला की आम्ही बसकणच मारली. दहा मिनिटे झटापट चालली. जाळीत आला तो तांबूस सोनेरी मासा, शेपटीच्या मुळाशी एक काळा टिपका. तिकडे त्याला ‘रेडफिश’ म्हणतात. आपल्या घोळीच्याच कुळातला हा. घोळीसारखाच पोटातून ढोलाचा आवाज काढतो. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सचे बल्लव पॉल प्रुधॉम यांनी मसाल्यात काळा भाजलेला हा मासा देशभर लोकप्रिय केला आणि त्याची एवढी लूट झाली की १९८८ मध्ये लुईझियानाने त्याची व्यापारी मासेमारी बंद केली. आज हौशी माणसाला दिवसाला चारच ठेवता येतात, तेही अठरा ते सत्तावीस इंचांचे.

कप्तानाने मासा पट्टीवर ठेवला. सत्तावीसच्या रेघेपुढे जेमतेम अर्धा इंच.

“फादरांचा पहिला मासा आहे,” शिक्षक म्हणाले. “अर्ध्या इंचाने काय होते? इथे आपल्याला कोण पाहते आहे?” दुसऱ्याने बक्षिशीचा विषय काढला. नियमशास्त्रावर वर्षानुवर्षे प्रवचने देणारे आम्ही. पण त्या वेळी गप्प राहिलो. खरे सांगायचे तर मासा आम्हालाही हवा होता. कप्तानाने आमच्याकडे एकदाच पाहिले, मग वाकून माशाची शेपटी धरली आणि त्याला पाण्यात पुढेमागे हलवीत राहिला. दम आला तशी माशाने उसळी मारली आणि तो गेला. “एवढा झाला की तो खोल समुद्रात अंडी घालायला जातो,” हात पुसत तो म्हणाला. “तीस-चाळीस वर्षे जगतो. माझ्या मुलालाही पाहुणे आणायचे आहेत.”

दुपारी भाकरतुकडा खाताना त्याने विचारले, “भारतात कुठले?” आम्ही म्हणालो, समुद्रकाठचे, आमचे निम्मे धर्मग्रामबंधू कोळी आहेत. तो थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “माझ्या वडिलांची कोळंबीची ट्रॉलर होती. तुमच्याकडून कोळंबी येऊ लागली, भाव पडला, डिझेलचाही खर्च निघेना. होडी विकली. मग मी हे सुरू केले.” त्याच्या स्वरात राग नव्हता. अमेरिकेत आयात होणाऱ्या कोळंबीत त्या वर्षी सर्वांत मोठा वाटा भारताचा होता. ती आमच्या कोळ्यांची नव्हे, बहुतांशी आंध्रातल्या तळ्यांतली, हे त्याला सांगावे असे ओठांवर आले. पण त्या माणसापुढे तो खुलासा आम्हाला फार तोकडा वाटला. आमचे कोळीही पडलेल्या भावाविषयी आणि डिझेलविषयी असेच बोलतात, एवढेच आम्ही सांगितले. त्याने मान हलविली आणि होडी दुसऱ्या खाडीकडे वळविली.

परतल्यावर धक्क्यावरच्या लांब फळीवर त्याने आमचे अकरा मासे साफ केले. पाती इतक्या हलक्या हाताने चाले की काट्याला मांस राहत नसे. खाली पेलिकन पक्षी रांगेत वाट पाहत होते. त्यांना डोकी आणि काटे मिळाले, आम्हाला तुकड्यांच्या चार पिशव्या. “आणि तुमचा वाटा?” आम्ही विचारले. २०२४ च्या जूनपासून नियम आहे, तो म्हणाला : पाहुणे घेऊन गेलेल्या कप्तानाला त्या फेरीत स्वतःचा म्हणून एकही रेडफिश ठेवता येत नाही. मग त्याने नळाने फळी धुतली, सुरी पुसली आणि उद्याच्या पाहुण्यांसाठी दोर तपासायला बसला.

आमची पिशवी आम्ही यजमानांच्या घरी दिली. रात्री उत्तम भोजन झाले.

गावी परतल्यावर नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी कोळीवाड्यातील एका वृद्ध तांडेलाला आम्ही ही सारी हकीकत सांगितली. पडद्यावरच्या जमिनीची, सोडून दिलेल्या माशाची, कोळंबीची. जाळे शिवता शिवता तो ऐकत होता. नियम त्याला पटला. अंड्याची मासळी सोडावीच, म्हणाला. कोळंबीचे ऐकून त्याने नुसता सुस्कारा टाकला. मग सुई थांबवून त्याने विचारले, “फादर, मग त्या तांडेलाच्या घरी त्या रात्री कालवण कशाचं झालं?”

आम्ही ते विचारलेच नव्हते.