तीन आठवड्यांची शर्यत

शर्यत म्हटली कीं ती डोळ्यांदेखत सुरू व्हावी आणि डोळ्यांदेखत संपावी, असा सामान्य माणसाचा समज असतो. आणि तो कांहीं वावगा नाहीं. घोड्यांची शर्यत चहा निवण्यापूर्वीं संपते. शंभर मीटर धांवण्याची तर पेला ओठांस लागण्यापूर्वींच. अशा स्थितींत जी शर्यत तीन आठवडे चालते, जींत बहुतेक दिवशीं चारपांच तास घाम गाळून दीडदोनशें किलोमीटर तोडावे लागतात, आणि जिचा अंतिम विजेता एकाहि दिवशीं पहिला आलेला नसला तरी चालतो, तिच्या नादीं लागलेल्या माणसाकडे घरच्यांनीं जरा काळजीनें पाहिलें तर नवल नाहीं. फ्रान्स देशाची प्रदक्षिणा करणारी ‘तूर द फ्रान्स’ ही सायकलींच्या या जातीच्या शर्यतींतील सर्वांत थोरली. इटलीची ‘जिरो’ आणि स्पेनची ‘वुएल्ता’ या तिच्या दोघी धाकट्या बहिणी. गेलीं कित्येक वर्षें आम्ही या तिघींच्या नादीं लागलों आहों, आणि त्याबद्दल आम्हांस यत्किंचितहि पश्चात्ताप होत नाहीं.

हिशेब अगदीं साधा आहे. एकवीस दिवसांचे एकवीस टप्पे. प्रत्येक टप्प्यास लागलेला वेळ मांडीत जावयाचा. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. ग्रेग लेमाँड या अमेरिकन स्वारानें १९९० सालची तूर एकहि टप्पा न जिंकतां जिंकली. त्याच गृहस्थानें आदल्या वर्षीं, १९८९ सालीं, तीन हजारांहून अधिक किलोमीटर तोडून लॉरां फिन्यों यास हरविलें तें अवघ्या ८ सेकंदांनीं. शेवटच्या दिवशीं सकाळीं फिन्यों ५० सेकंदांनीं पुढें होता. व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतच्या २४.५ किलोमीटरांत लेमाँडनें त्याच्याकडून ५८ सेकंद काढून घेतले. आठ सेकंदांत बुटाचा बंद देखील धड बांधून होत नाहीं. तीन आठवड्यांतील कोणत्या वळणावर, कोणत्या घोटभर पाण्यापायीं ते आठ सेकंद सांडले, याची उजळणी फिन्योंनें २०१० सालीं मृत्यु येईपर्यंत किती वेळां केली असेल, कोण जाणे!

नवख्या प्रेक्षकाची मात्र या शर्यतींत फार निराशा होते. आमच्याकडे दुपारीं साडेतीनचारला सुरू झालेला टप्पा रात्रीं नऊच्या सुमारास संपतो, आणि त्यांतील पहिले दोनतीन तास बहुधा कांहींच घडत नाहीं. सूर्यफुलांचीं शेतें दिसतात, जुने वाडे दिसतात, रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेलीं म्हातारीं माणसें दिसतात, आणि त्यांमधून दीडशेंपावणेदोनशें स्वारांचा रंगीबेरंगी घोळका वाहत जातो. आमच्या घरांतील मंडळींनीं या वेळाला ‘भाजी निवडण्याचा टप्पा’ असें नांव ठेविलें आहे. तें आम्हांस मान्य आहे. कारण डोंगर सुरू झाला कीं भाजी निवडणाराचे हात आपोआप थांबतात, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. चढणींत जो अग्रेसर त्यास तेथें ‘पर्वतांचा राजा’ म्हणतात. आमच्या मुंबई-पुणें सायकल शर्यतींत बोरघाट चढण्यांत पहिला येणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात, त्याची येथें सहज आठवण होते. राजेपण चढावरच ठरावें, याविषयीं दोन्ही देशांचें एकमत दिसतें.

ही शर्यत वर्तमानपत्राच्या पोटीं जन्मास आली, ही गोष्ट मासिकाच्या वाचकांस सांगण्यासारखी आहे. ‘लोतो’ नांवाच्या पत्राचा खप वाढावा म्हणून त्याचा संपादक आंरी देग्रांज यानें १९०३ सालीं ती सुरू केली. साठ स्वार निघाले, एकवीस परत आले, आणि पत्राचा खप वाढला. ‘लोतो’चा कागद पिवळा, म्हणून १९१९ पासून आघाडीवरच्या स्वाराचा सदरा पिवळा, इटलीच्या शर्यतीच्या जनक पत्राचा कागद गुलाबी, म्हणून तेथील सदरा गुलाबी. आमच्याकडील एखाद्या मासिकाच्या संपादकानें वर्गणीदार वाढविण्यासाठीं काय करावें हें सुचविण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.

परंतु देग्रांज हा केवळ व्यापारी नव्हता. त्याचें एक तत्त्व होतें. माणसानें एकट्यानें निघावें, एकट्यानें झुंजावें, कोणाचें साहाय्य घेऊं नये व देऊं नये. या तत्त्वापायीं युजेन क्रिस्तोफ याचें १९१३ सालीं काय झालें, तें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. पिरेनीज पर्वतांतील तुर्माले नांवाचा घाट उतरत असतां त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. त्या दिवशीं त्याची बाजू उत्तम होती, तूर त्याच्या हातांत येईल असा रंग होता. दुसरी सायकल घेण्यास नियमाची बंदी. तेव्हां मोडकी सायकल खांद्यावर टाकून हा माणूस दहा किलोमीटरांहून अधिक वाट पायीं उतरून सँत-मारी-द-काँपाँ या खेड्यांत आला, तेथें लोहाराचें दुकान शोधलें, आणि ऐरणीवर स्वतःच्या हातांनीं चिमटा सांधूं लागला. पंच भोवतीं उभे होते. लोहारानें बोट लावावयाचें नव्हतें. त्यानें तें लावलेंहि नाहीं. पण एका हातानें लोखंड धरून दुसऱ्या हातानें घण मारणाऱ्यानें भाता कोणत्या हातानें चालवावा? दुकानांतील एका पोरानें भाता चालविला. क्रिस्तोफ काम संपवून, तासच्या तास गमावून, पुढें निघाला आणि मुक्कामास पोहोंचला. आणि पंचांनीं त्या भात्याबद्दल त्याच्या वेळांत दंडाची भर घातली.

हाच क्रिस्तोफ १९१९ सालीं पिवळा सदरा घालणारा पहिला स्वार झाला, आणि त्याच शर्यतीच्या अखेरीस त्याचा चिमटा पुन्हां मोडला. तूर त्यास कधींच मिळाली नाहीं. सँत-मारींतील त्या लोहारशाळेच्या जागीं आज त्याच्या नांवाची पाटी आहे. भाता चालविणाऱ्या पोराला दंडाचें कारण म्हणून तेवढें इतिहासांत स्थान मिळालें.

देग्रांजचें तत्त्व टिकलें नाहीं, आणि तें वाऱ्यानें मोडलें असें म्हणावयास हरकत नाहीं. सपाट रस्त्यावर वेगानें जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ति समोरची हवा कापण्यांत खर्च होते. दुसऱ्याच्या चाकाला चाक भिडवून त्याच्या आडोशानें जो जातो, त्याचे सुमारें तिसऱ्या हिश्शाचे श्रम वांचतात. एवढी एक गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे या शर्यतीचें सगळें राजकारण उलगडतें. मोठ्या स्वाराच्या पुढें आळीपाळीनें वारा अंगावर घेणारीं माणसें लागतात. मागच्या मोटारीपर्यंत जाऊन सर्वांसाठीं पाण्याच्या बाटल्या सदऱ्यांत खुपसून आणणारीं माणसें लागतात. तो पडला तर त्याच्यासाठीं थांबून त्यास पुन्हां घोळक्यांत नेऊन पोहोंचविणारीं माणसें लागतात. तूरमध्यें एका संघांत आठ स्वार, आणि बहुधा त्यांतील सात एकासाठीं. या सातांस फ्रेंचांत जो शब्द आहे, ‘दोमेस्तिक’, त्याचा सरळ मराठी अर्थ घरगडी. १९११ सालीं स्वतः देग्रांजनेंच मोरिस ब्रोक्को नांवाच्या स्वारास दुसऱ्याची चाकरी करतो म्हणून तुच्छतेनें हा शब्द वापरला होता. शिवी म्हणून निघालेला शब्द पुढें हुद्दा होऊन बसला. अशीं उदाहरणें भाषेंत पुष्कळ आहेत. तथापि त्या हुद्द्यावरील माणूस स्वतःस काय समजत असेल, हें शब्दकोशांत सांपडत नाहीं.

१९३४ सालीं रने व्हिएतो वीस वर्षांचा होता. कान शहरांतील एका हॉटेलांत लिफ्ट चालविणारा हा पोरगा त्या वर्षीं तूरमध्यें आला आणि आल्प्सच्या डोंगरांत थोरामोठ्यांस मागें टाकून टप्पे जिंकूं लागला. पिवळा सदरा होता त्याच्याच फ्रेंच संघाच्या आंतोनँ मान्ये याच्या अंगावर. पिरेनीजमध्यें उतारावर मान्ये पडला, त्याचें चाक मोडलें. व्हिएतोनें आपलें पुढचें चाक काढून त्यास दिलें आणि आपण दुसरें चाक येण्याची वाट पाहत रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर बसून राहिला. त्या वेळचें छायाचित्र प्रसिद्ध आहे: शेजारीं एका चाकाची सायकल, आणि रडवेल्या तोंडाचा एक मुलगा. दुसऱ्या दिवशीं व्हिएतो पुढें गेलेला असतां मान्येची सायकल पुन्हां निकामी झाली. व्हिएतोनें तोंड फिरविलें, उतरलेला डोंगर उलटा चढून गेला, आणि या वेळीं सबंध सायकल दिली. मान्येनें ती तूर जिंकली. व्हिएतो पांचवा आला, आणि पुढें बरींच वर्षें शर्यतींत राहूनहि त्यास ती कधीं जिंकतां आली नाहीं.

हें छायाचित्र आम्हीं एकदां आमच्या वडील बंधूंस दाखविलें. दादांविषयीं येथें थोडें सांगणें भाग आहे. वडील वारले तेव्हां ते सतरा वर्षांचे होते. पाठीवर आम्ही आणि एक बहीण. मॅट्रिकला वर्गांत पहिले आलेले दादा दुसऱ्या महिन्यापासून एका छापखान्यांत खिळे जुळवूं लागले. बहिणीचें लग्न झालें, आमचें शिक्षण झालें, आम्ही कॉलेजांत शिकवूं लागलों. समारंभांत आमची ओळख करून देतांना वक्ते आमच्या बुद्धिमत्तेविषयीं बोलत आणि दादा मागच्या खुर्चीवर बसून ऐकत. व्हिएतोची गोष्ट आम्हीं त्यांस सांगितली, ती, कां कोण जाणे, जरा अधिकच रंगवून सांगितली. त्याग, बंधुभाव वगैरे शब्दहि येऊन गेले असावेत. दादांनीं चष्मा पुसून चित्र बराच वेळ पाहिलें.

“हा चाक दिलें म्हणून रडत नाहीं,” ते म्हणाले. “दुसरें चाक यायला उशीर होतोय, म्हणून रडतोय.”

आम्हीं पुढें कांहीं विचारलें नाहीं. दादांनीं बी. ए. ची परीक्षा वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं बाहेरून दिली होती. पदवीदानाच्या दिवशीं छापखान्यांत काम होतें म्हणून ते गेले नव्हते, आणि पदवीचा कागद टपालानें आला होता.

त्यानंतर दादा आमच्याबरोबर शर्यत पाहूं लागले. ते विजेत्याकडे फारसें पाहत नाहींत. बक्षिसाची रक्कम विजेता स्वतः न ठेवतां सोबत्यांत वांटून टाकतो, असा तेथें जुना प्रघात आहे, हें कळल्यावर त्यांनीं समाधानानें मान हलविली. “आणि सदरा?” असें मात्र त्यांनीं विचारलें. सदरा वांटतां येत नाहीं.

या खेळाचें काळें पानहि आम्हीं त्यांच्यापासून लपविलें नाहीं. लान्स आर्मस्ट्राँग यानें १९९९ पासून २००५ पर्यंत लागोपाठ सात वेळां तूर जिंकली. तो मरणप्राय दुखण्यांतून उठलेला माणूस, आणि त्या विजयांनीं जगांतील किती रुग्णांस धीर दिला असेल! २०१२ सालीं तीं सातहि विजेतेपदें निषिद्ध औषधांच्या अपराधाबद्दल काढून घेण्यांत आलीं, आणि त्या सात वर्षांच्या रकान्यांत आज कोणाचेंच नांव नाहीं. त्याच्याविरुद्ध साक्ष देणारांत अकरा जण त्याचेच जुने सोबती होते; ज्यांच्या पाठीच्या आडोशानें तो डोंगरांपर्यंत पोहोंचला, तेच. त्यांतील कित्येक त्याच पापाचे वांटेकरी होते, आणि साक्षीमुळें त्यांची शिक्षा हलकी झाली, हेंहि खरें. त्यांस कोणी हरिश्चंद्र म्हणूं नये. तथापि चाकरी कोठपर्यंत करावी याची सीमा त्यांच्यावांचून दुसरा कोण आंखणार होता? आमचे एक स्नेही तेव्हांपासून ही शर्यत पाहत नाहींत. आम्ही पाहतों. शंका उरतेच, पण चढावर मागें पडणाऱ्याच्या चेहऱ्यावरील वेदना औषधानें आणतां येत नाहीं, एवढी आमची खात्री आहे.

गेल्या कांहीं वर्षांतील एकच दिवस सांगून थांबतों. आल्प्समध्यें कोले देल्ले फिनेस्त्रे नांवाचा घाट आहे. चढण साडेअठरा किलोमीटरांची, आणि वरचा जवळजवळ अर्धा रस्ता खडीमातीचा. २०१८ सालच्या जिरोंत सायमन येट्स हा इंग्रज स्वार तेरा दिवस गुलाबी सदरा मिरवून याच घाटांत कोसळला आणि एका दिवसांत अडतीस मिनिटांहून अधिक मागें पडला. ३१ मे २०२५ रोजीं, शर्यतीच्या अखेरच्या आदल्या दिवशीं, तो पुन्हां त्याच घाटाशीं आला. या वेळीं तो तिसरा होता, १ मिनिट २१ सेकंदांनीं मागें. पुढें मेक्सिकोचा देल तोरो आणि एक्वादोरचा कारापाझ. आणि हे दोघे एकमेकांवर डोळा ठेवण्यांत इतके गुंतले कीं येट्स निघून गेला तो गेलाच.

परंतु दादा पाहत होते ते दुसऱ्यास. वाऊट व्हान आर्ट हा येट्सच्याच संघाचा बेल्जियन स्वार. स्वतः तूरचे अनेक टप्पे जिंकलेला, उंच, धिप्पाड माणूस. तो सकाळींच आघाडीच्या टोळींत पुढें गेला होता, आणि घाटापलीकडे येट्ससाठीं मागें राहिला होता. येट्स येतांच त्यानें त्यास पाठीशीं घेतलें, आणि दरींतील सगळा वारा आपल्या छातीवर घेत, मान खालीं घालून, अंगांत होतें नव्हतें तें सारें सेस्त्रिएरेच्या वाटेवर ओतलें. मग एका क्षणीं तो बाजूला झाला. येट्स पुढें गेला. कॅमेराहि पुढें गेला.

येट्स मुक्कामास पोहोंचला तेव्हां गुलाबी सदरा त्याचा झाला होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतें. आंत पानें मांडलीं होतीं, आणि दोनदां हांक येऊन गेली होती. आम्हीं पडदा बंद करण्यासाठीं हात पुढें केला.

“थांब रे,” दादा म्हणाले, “तो मोठा माणूस अजून यायचा आहे.”