नाव घेण्यापूर्वी

संस्कृत साहित्यशास्त्रातला ‘चमत्कार’ हा दैवी करणीचा वाचक नाही. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त चमत्कार म्हणजे चित्ताचा विस्तार, विस्मयाचेच दुसरे नाव, असे म्हटले आहे. रसाचे सार चमत्कार असल्याने सर्वत्र अद्भुत हाच रस आहे, हे आपल्या पूर्वजाचे, नारायणाचे, मतही त्याने तेथे नोंदवले आहे. हे मत टोकाचे खरे. पण त्यातून एक प्रश्न उभा राहतो. अद्भुत सर्वत्र असेल तर ते चुलीपाशी, नदीकाठी, रोजच्या येण्याजाण्यातही असले पाहिजे. मग लेखन ते निर्माण करते, की केवळ ऐकू येईल असे करते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला उखाणा महत्त्वाचा वाटतो. पतीचे नाव उच्चारायचे नाही, हा दंडक पुरुषप्रधान व्यवस्थेचा; त्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला तेच नाव घेण्याचा आग्रह होतो, आणि स्त्री ते सरळ घेत नाही. आधी तबक येते, समई येते, तुळस येते, आणि यमकाच्या टोकाशी नाव येते. वस्तू आणि नाव यांचा तार्किक संबंध बहुधा नसतो. म्हणूनच समीक्षेने उखाण्याला साचेबंद ठरवून सोडून दिले असावे. पण नाव लांबवणे, आणि त्या लांबलेल्या अवकाशात सारे घर आणून ठेवणे, ही कुंतकाच्या अर्थाने वक्रोक्ती नव्हे काय? ज्या ठिकाणी बोलण्याला मज्जाव होता, त्याच ठिकाणी स्त्रियांनी बोलण्याचा खेळ मांडला.

असेच एक लांबवणे मी कारध्याला ऐकत आलो आहे. भंडारा शहरासमोर, वैनगंगेच्या पैलतीरावरचे हे गाव. येथील ब्रिटिशकालीन लहान पुलाजवळ नदीची पातळी मोजली जाते. धोक्याची पातळी 245.50 मीटर. मी नोकरीनिमित्त बाहेरगावी राहू लागल्यापासून पावसाळ्यात वडिलांचा फोन येई आणि त्यात एवढेच असे: “पानी दोनशे चव्वेचाळीस.” झाडीबोलीत ‘ण’ नाही. प्रकृतीची विचारपूस नाही, ये म्हणणे नाही, येऊ नकोस म्हणणेही नाही. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त असे उदाहरण दिले आहे, की जेथे शब्द अनुमती देतात आणि ध्वनी मनाई करतो. वडिलांच्या वाक्यात वाच्यार्थ पाण्याचा होता. व्यंग्यार्थ मात्र आकड्यागणिक बदलत असे. चव्वेचाळीस म्हणजे काळजी करू नकोस. पंचेचाळीसच्या वर म्हणजे वाटेला लागू नकोस. 2020 च्या ऑगस्टअखेर नदीने धोक्याची पातळी ओलांडली, भंडाऱ्याच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. त्या दिवसांत तोच आकडा शासकीय पत्रकातही होता आणि त्यांच्या तोंडीही. आकडा एकच, पण पत्रकातल्या आकड्याला ऐकणारा ठरलेला नव्हता, त्यांच्या आकड्याला होता.

व्हिक्टर श्क्लोव्स्की यांनी 1917 साली मांडलेला अपरिचितीकरणाचा विचार आपल्या परिचयाचा आहे: सवयीमुळे वस्तू दिसेनाशा होतात, कला त्यांना अनोळखी करून पुन्हा दाखवते. दगडाच्या बाबतीत हे पटते. प्रेमाच्या बाबतीत ते अपुरे वाटते, कारण प्रेम सवयीतूनच बोलते. “जेवलास का?” हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो तेव्हा तो केवळ प्रश्न असतो; हजाराव्या वेळी तो प्रश्न राहत नाही. त्याचा अर्थ पुनरावृत्तीने झिजत नाही, साठत जातो. तेव्हा लेखकाचे काम सवय मोडण्याचे नसून तिच्यात साठलेले वाचण्याचे आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (1974) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांची जी चिकित्सा केली, तिच्या संदर्भात असे म्हणता येईल की अलौकिक हे येथे लौकिकाचे विरोधी पद उरत नाही, ते लौकिकाच्या दीर्घ सहवासाचे फळ ठरते.

बहिणाबाई चौधरींची कविता याची साक्ष आहे. त्यांना लिहितावाचता येत नव्हते; शेतात, घरात, कामाच्या लयीत रचलेली ती गाणी 1952 साली पुस्तकरूपाने आली. तेथे काम हा कवितेचा विषय होण्याआधी तिचा श्वास आहे. सर्जनशील लेखनाच्या वर्गात प्रेमावर लिहायला सांगितले की विद्यार्थी चंद्राकडे वळतात. त्यांना आधी घरातले सर्वांत कोरडे वाक्य लिहून आणायला सांगावे; ते कोणी, कोणाला आणि काय न बोलता म्हटले, याचा शोध म्हणजे लेखनाचा आरंभ.

हा शोध निकडीचाही आहे. 1988 साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाचे पाणी आता वर भंडाऱ्यापर्यंत तुंबते. काठची गावे उठली, घाट बुडाले. गाव उठते तेव्हा घराचा मोबदला ठरतो. त्या घरातल्या वाक्यांचा संदर्भ मात्र कोणत्याच नोंदवहीत चढत नाही. “पानी किती?” या दोन शब्दांत कोणाची वाट पाहिली जात होती, हे सांगणारा दस्तऐवज फक्त साहित्यच असू शकते.