पाटोद्याची बाजारपेठ आणि खिशातला फोन

एका सामाजिक कामाच्या निमित्ताने मागच्या पावसाळ्यात आम्हाला बीड जिल्ह्यातील पाटोद्याला जावे लागले. बीडहून एस.टी.ने मांजरसुंबा गाठायचे. तिथे धुळे-सोलापूर महामार्ग सोडून पश्चिमेकडे वळले की बालाघाटाचा माळ सुरू होतो. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते, पण ती पाणी नेते ते पुढच्या गावांना. इथल्या कष्टकऱ्याच्या वाट्याला दुष्काळ आणि दसरा झाला की हातात कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि बायकामुलांसह साखर कारखान्याची वाट धरायची, हे कित्येक वर्षांचे रहाटगाडगे.

अशा तालुक्याच्या गावी छोटा धंदा कसा चालत असेल, हे पाहावे म्हणून काम आटोपल्यावर आम्ही बाजारपेठेत फिरलो. पूर्वी जाहिरात म्हणजे भिंतीवर रंगवलेली अक्षरे, रिक्षावरचा भोंगा, नाहीतर पेपरात घालून वाटलेली पत्रके. नंतर फ्लेक्स आला. आता कपड्याच्या दुकानात शिरलो तर मालकाने ‘या बसा’ म्हणायच्या आधी ‘आपला नंबर सांगा’ म्हटले!

त्यामागचे कारण त्यांनी नीट समजावून सांगितले. व्हॉट्सॲपवर दुकानदार सकाळी ‘स्टेटस’ टाकतो, म्हणजे नव्या मालाचा फोटो. तो चोवीस तास राहतो आणि आपोआप निघून जातो. पण तो दिसतो केवळ अशांना, ज्यांनी एकमेकांचा नंबर नावासह जपून ठेवला आहे. एकाच वेळी अनेकांना निरोप धाडण्याची सोय आहे, तिच्या एका यादीत २५६ नंबर बसतात. तिथेही तोच नियम. गिऱ्हाईकाने तुमचा नंबर जपला नसेल तर निरोप पोचत नाही. म्हणून मालाआधी नंबर!

‘भाऊ, दसऱ्यानंतर निम्मा तालुका सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात,’ ते म्हणाले. ‘आधी सहा महिने माशा मारत बसायचो. आता माणूस रात्री कोपीत बसून स्टेटस बघतो. फोटोला खूण करतो, पैसे फोनवरून टाकतो, माल इथं राहिलेली म्हातारी घेऊन जाते.’ पट्टा पडला, म्हणजे कारखाने बंद झाले, की माणसे परततात आणि लग्नसराई लागते. त्या बस्त्याची निवड आता फडातच अर्धी होऊन जाते. गिऱ्हाईक गाव सोडून गेले तरी दुकान सोडून जात नाही. २०१६ साली जिओ आले, डेटा स्वस्त झाला, त्याच वर्षी यूपीआयही सुरू झाले. या दोन्हींचा खरा उपयोग आम्हाला शहरापेक्षा इथे अधिक दिसला.

एक गंमतही कळली. फोनवर नुसते ‘पाटोदा’ म्हणून शोधले तर पुष्कळदा समोर येते ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले, भास्करराव पेरे पाटलांमुळे गाजलेले आदर्श गाव. नाशिक जिल्ह्यात येवल्याकडेही एक पाटोदा आहेच. तेव्हा ‘पाटोदा, जि. बीड’ असे पूर्ण लिहावे आणि नकाशावर दुकानाची खूण करावी. गुगलवर ही नोंद फुकट होते.

याच तालुक्यात ‘भांड्याचे अंमळनेर’ आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांवरून गावाला हे नाव पडले. साने गुरुजींचे अंमळनेर वेगळे, ते जळगावकडचे. लोकांनी दिलेले असे नाव म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली बिनपैशाची जाहिरात!

आता आपल्या वस्तीतील एका भगिनीची हकीकत. या ताई घरीच काळा मसाला आणि पापड करतात. भाच्याने त्यांना ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ लावून दिले. २०१८ पासूनचे हे वेगळे फुकट ॲप. त्यात पत्ता, वेळ आणि किमतीसह मालाची यादी ठेवता येते. प्रश्न आला तो वरच्या फोटोचा. नातेवाईक म्हणाले, मिरचीचा फोटो ठेव, आडनाव लिहू नकोस, उगाच गिऱ्हाईक तुटेल. ताईंनी घरातल्या भिंतीवरचा तथागतांचा फोटोच लावला आणि पूर्ण नाव लिहिले. दोन-चार जुन्या गिऱ्हाइकांची उत्तरे यायची थांबली, हे त्यांनी लपवले नाही. पण शाळेतल्या बाई, बँकेतले कर्मचारी आणि जामखेडची काही घरे नव्याने जोडली गेली. ‘मसाला माझा, मग नाव दुसऱ्याचं कशाला?’ त्या म्हणाल्या.

जाहिरातीची जागा कोणाच्या हाती, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नव्हती. आज ताईंना कोणत्या संपादकाची परवानगी लागत नाही. मात्र फोन जात विचारत नसला तरी तो हातात धरणारा माणूस विचारतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर याच बीड जिल्ह्यात अमक्या जातीच्या दुकानात जाऊ नका, असे निरोप फोनवरूनच फिरले. त्याआधी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि जिल्ह्यातले इंटरनेट बंद केले गेले. तेही दिवाळी तोंडावर असताना. ज्यांची गिऱ्हाइकांची यादी केवळ फोनमध्ये होती, त्यांनी काय करायचे? आमचे मत असे की नंबर वहीतही उतरवून ठेवावेत.

वहीवरून आठवले. आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे ताईंकडे हिशोब मागितला. मिरची, धणे, खोबरे, तेल, दळण, पिशव्या सगळे लिहिलेले होते, पण स्वतःची मजुरी कुठेच नव्हती. दिवसभर मसाला भाजणाऱ्या बाईचा रोज धरला असता भाव परवडत नव्हता. अशा वेळी फोनमुळे मागणी वाढली तर तोटाही वाढतो. तिथेच बसून भाव नव्याने लावले. खाण्याचा माल विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, तेही भाच्याला सांगितले.

तरुण पोरांचा ओढा रीलकडे. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हापासून ही मंडळी इन्स्टाग्रामवर. एका वडापाववाल्या तरुणाने आपली रील पुण्या-मुंबईत किती जणांनी पाहिली, ते कौतुकाने दाखवले. पण पुण्याचा माणूस वडा खायला पाटोद्याला येतो थोडाच? त्यापेक्षा स्टँडवरच्या शंभर माणसांना ‘गरम घाणा आत्ता निघाला’ हे कळणे मोलाचे. पैसे घेऊन ‘फॉलोअर वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांना तर दारातही उभे करू नये. मोठी ऑर्डर देतो, सैन्यातला अधिकारी आहे, असे सांगून क्यूआर कोड धाडणारे भामटेही असतात. पैसे येताना पिन टाकावा लागत नाही, एवढे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे. फसगत झालीच तर ताबडतोब १९३० हा नंबर फिरवावा.

परतण्याआधी सौताड्याचा धबधबा पाहिला. कड्यावरून पाणी खाली दरीत कोसळते. कठड्याशी पोरापोरींची फोटोसाठी झुंबड, काही तर धोक्याच्या जागी उभी. जवळच एक आजी मक्याची कणसे भाजत होत्या. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. एवढी माणसे कशी येतात, असे आम्ही विचारले.

‘ती पोरं काय काय फोनात टाकतात म्हणं,’ निखाऱ्यावर पुठ्ठ्याने वारा घालत आजी म्हणाल्या. ‘मला त्यातलं काय कळतंय? शनवार-रव्वारी दुप्पट कणसं आणायची, एवढं कळतं. मीठ-मिरची लावू का?’