राखणीसाठी दुर्बीण : 6 हजारांच्या आत काय बघून घ्यावी

आजची नोंद शेतातली नाही, मुंबईतली आहे. अँटॉप हिलला लेकीकडे आलोय. जावई केंद्र सरकारच्या नोकरीत, तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहतात. चष्म्याचा नंबर तपासायचा होता आणि एक दुर्बीण घ्यायची होती. राखणीला कोणती दुर्बीण घ्यावी असं मागे काही जणांनी विचारलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दुर्बीण कशाला ते. आमच्या राजापूर तालुक्यात भाताची लोंबी भरली की रानडुकरं उतरतात. खातात थोडं, लोळवतात जास्त. वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक माझ्या नावावर आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. गेल्या दसऱ्याच्या सुमारास, दिवेलागणीला, गडग्यापलीकडे काळं काहीतरी हललं. वाकलेलं, जमिनीलगत. बार हवेत काढायचा असतो हे मला माहीत आहे. पण तिसरी रात्र होती, डोळ्यादेखत भात गेलं होतं, आणि नळी खाली आली होती. खोटं कशाला बोलू. तेवढ्यात ते काळं खोकलं. आमच्या वाडीतले नाना होते, गवताचा भारा बांधत बसलेले. त्यांना काही कळलं नाही. मी घरी येऊन जेवलो नाही एवढंच. घरातही हे कोणाला माहीत नाही, आता वाचतील.

इथेच एक गोष्ट स्पष्ट लिहितो. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. उभ्या पिकाची नासाडी होत असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते, नाहीतर पंचनामा करून भरपाईचा अर्ज. दुर्बीण घ्यायची ती शिकारीला नाही, समोर काय आहे ते ओळखायला.

पहिली चूक मी पूर्वीच केली होती. फुटपाथवरून एक दुर्बीण घेतली होती, तांबड्या काचेची, वर लिहिलेलं 20 पट. घरी आणली तर एकाच्या दोन म्हशी दिसायच्या आणि पाच मिनिटांत डोकं धरायचं. तांबडी काच दिसायला भारी वाटते, पण ती लाल उजेड परत फेकते. संध्याकाळी आधीच उजेड कमी, त्यातला हा आणखी घालवायचा.

परवा जावई शिवडीच्या जेट्टीवर घेऊन गेले. इथून जवळच आहे. थंडीत तिथल्या चिखलावर रोहित पक्षी उतरतात, हजारोंनी. भरती-ओहोटीची वेळ बघून जावं लागतं. तिथे एक निवृत्त काका तिकाटण्यावर लांब नळीची एकडोळी दुर्बीण लावून उभे होते. त्याला स्पॉटिंग स्कोप म्हणतात. मी नुसता बघत होतो तर म्हणाले, "या दादा, लावा डोळा." चोच कशी उलटी धरून चिखल गाळतात तेसुद्धा दिसलं. पण ऊन चढलं तशी चिखलावरची हवा थरथरायला लागली आणि चित्रही थरथरलं. काका म्हणाले, पट वाढवले की हवेची थरथर आणि हाताची थरथर, दोन्ही तेवढ्याच पटीने वाढतात. 20 पट हातात धरून बघताच येत नाही, तिकाटणं लागतंच. म्हणजे तो स्कोप दिवसा, सड्यावर एका जागी बसून बघायला ठीक. राखणीत त्याचा उपयोग नाही.

माझं सगळं ऐकून काकांनी सलीम अलींची गोष्ट सांगितली. ते गिरगावात खेतवाडीत वाढले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती कोणती हे विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचं पक्ष्यांचं काम सुरू झालं. मला वाटलं, त्यांनी मारल्यावर बघितलं. आपल्याला आधी बघता आलं पाहिजे.

आता आकडे. दुर्बिणीवर 8×42 असं लिहिलेलं असतं. 8 म्हणजे पट, 42 म्हणजे पुढच्या काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये. 42 ला 8 ने भागा, सव्वापाच येतात. एवढ्या रुंदीचा उजेडाचा ठिपका डोळ्यात येतो. खिशातली 8×21 असेल तर अडीचच्या आसपास, म्हणजे दिवसा चांगली, दिवेलागणीला काळोख. डोळ्याची बाहुली तरुणपणी अंधारात 7 मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर साधारण 5 पर्यंत. म्हणून आमच्या वयाला 8×40 किंवा 8×42 पुरे. 10×50 चा ठिपका 5 चाच, पण ती जड आणि जास्त हलते.

काल हार्बर लाइनने जीटीबी नगरहून सीएसएमटीला गेलो. फोर्टात बोरा बाजारकडे कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. माझं बजेट 6 हजार, त्यात काम झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही, जाहिरात नको. दुकानात हे बघा :

1) दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळ्याकडच्या काचेत गोल ठिपका दिसला तर आतली लोलकाची काच बरी. ठिपक्याच्या कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर हलकी.
2) दुकानातल्या दिव्यात सगळ्याच छान दिसतात. दारात या आणि उभ्या टेम्पोच्या खालच्या सावलीत बघा.
3) लांबच्या इमारतीची कड बघा. दोन कडा दिसल्या तर ठेवून द्या.
4) चष्मा लावूनच बघा. डोळ्याकडचं रबर दुमडून पूर्ण गोल दिसला पाहिजे.
5) उजव्या डोळ्याची वेगळी चकती असते. मधल्या चाकाने डावा डोळा लावा, मग चकतीने उजवा. बरेच जण हे करत नाहीत आणि दुर्बीण खराब म्हणतात.
6) कमी पैशांत सरळ नळीपेक्षा जुन्या घडणीची, खांदे असलेली दुर्बीण जास्त स्वच्छ दिसते. पण तिच्यात बहुधा पाणी शिरतं. कोकणातल्या पावसात बुरशी धरते. सुक्या डब्यात ठेवा.

काळोख्या रात्री मात्र ही चालत नाही. ती उरलेल्या उजेडावर चालते. रात्री बॅटरी मारायची, हाक द्यायची.

काल संध्याकाळी बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो. मोनोरेलच्या मार्गाकडे बघून दोन्ही डोळे लावून घेतले आणि दिवे लागायची वाट बघितली. खाली झाडाखाली एक काळा ढीग होता. नुसत्या डोळ्याला पोतं म्हणा, कुत्रं म्हणा. दुर्बीण लावली तर रखवालदार घोंगडी घेऊन उकिडवा बसलेला, तंबाखू मळत होता. मी बराच वेळ दुर्बीण खाली केली नाही.

परवा गावी निघतोय. सड्यावर बसून डुकरं गडग्याला कुठून शिरतात ते बघणार, तेवढा गडगा आधी बांधून काढणार. बंदूक घरातच राहील. दुर्बीण पहिल्यांदा नानांच्या हातात देणार, आणि ती का घेतली तेही त्यांना सांगणार. ते काय म्हणतील माहीत नाही. पण त्यांनी हे दुसऱ्याच्या मोबाईलवर वाचायच्या आधी मी फोन केलाय, उद्या रात्री बोलू म्हणालेत.