मावशीच्या यकृतांतील गांठ

मराठी भाषेंत गांठ हा शब्द बहुधा चांगल्या ठिकाणींच भेटतो. लग्नाची गांठ असते, स्नेह्यांची गांठ पडते, मनाशीं खूणगांठ बांधली जाते. परंतु तोच शब्द डॉक्टरांच्या तोंडून निघाला कीं घरांतील माणसांचे चेहरे उतरतात. २०२३ सालीं आमच्या मावशीच्या पोटांत दुखूं लागलें. पित्ताशयांत खडे असतील म्हणून सोनोग्राफी केली, तों खडे राहिले बाजूला आणि यकृताच्या उजव्या भागांत ३ सेंटिमीटरांची गांठ दिसली. मावशी कोणाशीं बोलेनाशी झाली. मुलीचें लग्न दोन महिन्यांवर आलेलें. तें लौकर उरकून घ्यावें कीं पुढें ढकलावें, याची कुजबूज स्वयंपाकघरांत सुरू झाली.

डॉक्टरांनीं सी. टी. स्कॅन सांगितला. गांठ दिसलीच आहे, मग पुन्हां चित्र कशाला, असें आम्हीं त्यांस विचारलें. ते म्हणाले, "ती आहे हें कळलें; ती वागते कशी तें पाहावयाचें आहे." या उत्तराचा अर्थ समजून घेण्यांत आमचे कांहीं दिवस गेले, व तो वाचकांस सांगावा असें वाटतें.

यकृतास रक्त दोन वाटांनीं मिळतें. सुमारें चौथा हिस्सा धमनीवाटे थेट येतो. उरलेलें रक्त आंतडीं, प्लीहा वगैरे फिरून एका मोठ्या शिरेनें येतें. हाताच्या शिरेंत आयोडीनयुक्त औषध टोंचलें म्हणजे तें प्रथम धमनीनें, सुमारें अर्ध्या मिनिटांत, यकृतांत पोंचतें. ७० सेकंदांच्या सुमारास दुसऱ्या वाटेचें औषध येऊन सारें यकृत उजळतें. आणि पुढें कांहीं मिनिटांत तें ओसरूं लागतें. म्हणून चित्र एकदां नव्हे, तीनदां घेतात.

मावशीच्या पहिल्या चित्रांत गांठ काळसर होती, व तिच्या कडेला मात्र तुटक तुटक पांढरे ठिपके होते, मोठ्या धमनीइतकेच तेजस्वी. दुसऱ्या चित्रांत ते आंत सरकलेले. ५ मिनिटांनंतरच्या चित्रांत गांठ जवळजवळ भरून गेली होती. ही चाल हेमँजिओमाची, म्हणजे रक्ताच्या बारीक पोकळ्यांनीं बनलेल्या स्पंजासारख्या गांठीची. तिच्यांत रक्त संथपणें शिरतें व रेंगाळतें. यकृताचा कर्करोग पुष्कळदां याच्या उलट वागतो: धमनीचें रक्त येतांच झळकतो आणि पुढच्या चित्रांत भोंवतालच्या यकृताहून काळा पडतो. यकृताच्या सौम्य अर्बुदांत हेमँजिओमाच सर्वांत अधिक आढळतो. सुई घालून तुकडा काढण्याची गरज पडली नाहीं, आणि तें बरेंच झालें, कारण अशा गांठींतून रक्तस्राव होण्याची भीति असते. मावशीचें दुखणें आम्लपित्ताचें निघालें. लग्न ठरल्या दिवशीं झालें.

शेजारीं आणखी एक लहान डाग होता. त्यानें तिन्ही वेळां औषध मुळींच घेतलें नाहीं, आणि त्याचें मोजमाप पाण्याच्या जवळ आलें. हें माप हाऊन्सफील्ड यांच्या नांवानें चालतें. त्यांत पाणी ० व हवा उणें १०००. लंडनमध्यें १९७१ सालीं त्यांच्या यंत्रानें पहिल्या रोग्याच्या मेंदूचें चित्र घेतलें, व १९७९ सालीं कॉर्मॅक यांच्यासह त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तो डाग म्हणजे पाण्याची साधी पिशवी. बिचारीकडे घरांत कोणीं लक्षही दिलें नाहीं!

सर्वच गांठी इतक्या सरळ वागत नाहींत. लहान हेमँजिओमा कधीं पहिल्याच चित्रांत एकदम भरतो, तर फार मोठ्याचा मध्यभाग शेवटपर्यंत रिकामा राहतो. तेव्हां एम. आर. आय. करावा लागतो, किंवा कांहीं महिन्यांनीं पुन्हां पाहतात. १ सेंटिमीटराहून लहान डागाविषयीं अहवालांत पुष्कळदां 'निश्चित सांगतां येत नाहीं' असें लिहिलेलें असतें. निरोगी माणसांत असे डाग बहुधा निरुपद्रवी निघतात. ज्यास पूर्वीं कर्करोग झाला असेल किंवा ज्याचें यकृत आधींच बिघडलेलें असेल, त्यानें मात्र तें वाक्य आपल्या डॉक्टरांस अवश्य दाखवावें.