रविवारी सकाळी अकराची मध्यरात्र

रविवार. सकाळचे अकरा. स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा मी बर्लिनच्या एका गल्लीत एकटीच उभी होते. टिपूर मध्यरात्र. रस्त्यावर पिवळे दिवे, दोन्ही बाजूंना उंच उंच चाळींसारख्या इमारती, कुठल्याशा तळघरातून येणारं संगीत. साल साधारण 1929. ‘कोथिंबीर निवडतेस ना?’ आईचा आवाज. हेडफोन एका कानावरून सरकवून मी ओरडले, ‘पाच मिनिटं!’ आणि कोपऱ्यावरून डावीकडे वळले.

तर हा पत्ता आहे ‘सेकंड लाइफ’मधला. ‘अरे, ते अजून आहे?’ असं म्हणालात ना? मीही म्हणाले होते. एका लेखासाठी अकाउंट उघडलं, लेख छापून आला, मानधनही (उशिरा का होईना) आलं, मी मात्र तिथेच राहिले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने ही दुनिया 2003 साली सुरू केली. गेम म्हणावं तर स्कोअर नाही, लेव्हल नाही, जिंकणं-हरणं नाही. कंपनी 256 बाय 256 मीटरचे जमिनीचे तुकडे देते. त्यावर पब उभारायचा, समुद्र आणायचा की अख्खं शहर वसवायचं, हे लोकांनी ठरवायचं. चलन लिंडन डॉलर, आणि ते खऱ्या डॉलरमध्ये बदलूनही मिळतं. 2006 मध्ये तिथल्या जमिनीच्या धंद्यातून श्रीमंत झालेल्या बाईचा अवतार ‘बिझनेसवीक’च्या कव्हरवर झळकला. रॉयटर्सने तिथे वार्ताहर नेमला. 2007 मध्ये स्वीडनने चक्क दूतावास थाटला. मग सगळं जग फेसबुकवर गेलं आणि वार्ताहरही घरी परतला. उरले ते हौशी लोक.

बर्लिन अशाच एका हौशी बाईचं. जो यार्डली या नावाने तिथे वावरणाऱ्या या डच बाईंनी 2009 मध्ये 1920 च्या दशकातलं बर्लिन उभारायला घेतलं. जीन्स घालून गेलात तर परत पाठवणी! त्या काळाचेच कपडे हवेत. दुसरी अट उंचीची. सेकंड लाइफमध्ये झाडून सगळे सात फुटी असतात, कारण स्लायडर ओढायला पैसे पडत नाहीत. इथली दारं-खुर्च्या मात्र खऱ्या मापाच्या, त्यामुळे सात फुटी सुंदरी दारात ताडासारखी दिसते. मी माझ्या बाईसाहेबांना पाच फूट दोनवर आणलं. म्हणजे मी आहे तेवढीच. गुडघ्याखाली येणारा कोट, डोक्यावर घट्ट बसणारी टोपी. आरशात पाहिलं तर आजीच्या अल्बममधली कुणी वाटावी.

आता मध्यरात्रीचं गुपित. सेकंड लाइफचा मूळ दिवस चार तासांचा, तीन तास उजेड आणि एक तास रात्र. पण मेन्यूत जाऊन तुम्ही तुमच्यापुरती मध्यरात्र लावू शकता. शेजारच्याला दुपार दिसत असली तरी तुमच्या रस्त्यावर दिवे लागलेले. मी कायम मध्यरात्रच लावते.

नाचायला मात्र इतर क्लबांत जावं. डीजे जगाच्या पाठीवर कुठेतरी आपल्या घरात बसून गाणी लावतो, समोर टिपसाठी बरणी ठेवलेली. फ्लोअरवर एका गोळ्यावर क्लिक करायचं, बाकीचं पाय बघून घेतात. मित्रांच्या वरातीत पर्सा सांभाळत उभी राहणारी मी तिथे टँगो नाचलेय! घड्याळ कॅलिफोर्नियाचं, त्यामुळे त्यांची शुक्रवार रात्री दहाची पार्टी उन्हाळ्यात आपल्याकडे शनिवारी सकाळी साडेदहाला रंगते. हँगओव्हर नाही, रिक्षावाल्याशी हुज्जत नाही. वासही नाही, ही एक मोठीच उणीव. बीअरचा, पावसाचा, गटाराचा, कसलाच वास नाही.

पण मी जाते ती नाचायला नाही, चालायला.

पुण्यात माझं घर कर्वे रोडपासून आत. रात्री साडेअकराला कामावरून परतताना मुख्य रस्ता ते आमचं गेट एवढं सहा मिनिटांचं अंतर मी वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने कापते. फोन कानाला, पलीकडे कुणी नाही, आणि मी मोठ्याने, ‘हो बाबा, पोचलेच, खाली उभे राहा’. बाबा जाऊन सात वर्षं झाली. किल्ली मुठीत, टोक बोटांमधून बाहेर. किती जणी असं करतात ते ऑफिसात विचारून बघा.

सेकंड लाइफमध्ये कॅमेरा तुमच्या मागे असतो. म्हणजे चालताना स्वतःची पाठ सतत दिसते. पहिल्या दिवशी मी त्या गल्लीत दर दहा पावलांवर कॅमेरा फिरवून मागे पाहिलं. उगाचच. मागे कोणी आलं असतं तर मला आधीच दिसलं असतं. तिसऱ्या-चौथ्या रविवारी लक्षात आलं की आपण अर्धा तास मागे पाहिलेलंच नाही.

त्रास देणारे तिथेही भेटतात. एका क्लबमध्ये एक महाशय गळ्यातच पडायला लागले. ब्लॉक केलं. माझ्या स्क्रीनवर त्याचा नुसता करडा पुतळा उरला आणि मी नाचत राहिले. कर्वे रोडला हे बटण नाही. माझ्या या रविवारच्या भटकंतीने आमच्या गल्लीत एक दिवाही वाढलेला नाही, हेही मला ठाऊक आहे.

मला तिथे एक पुणेकर बाई आठवतात. ज्यांच्या नावाचा आमचा रस्ता, त्या महर्षी कर्व्यांची सून, ‘युगान्त’वाल्या इरावती कर्वे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस, विशीत, त्या खऱ्या बर्लिनमध्ये पीएचडी करत होत्या. विषय होता कवट्यांची मोजमापं. त्यांचे मार्गदर्शक ऑयगन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि गुरूंना हवं होतं ते त्यांत सापडत नाही असं लिहिलं. 1933 मध्ये नाझी सत्तेवर आले, आणि एल्डोराडो या त्या काळच्या प्रसिद्ध नाइटक्लबच्या जागेत त्यांच्या वादळी दलाने ऑफिस थाटलं. तोवर बाई भारतात परतल्या होत्या. पुढे याच पुण्यात त्यांनी स्कूटर चालवली. प्रयोगशाळेतून रात्री त्या कशा परतत असतील, मुठीत काय धरत असतील, हा प्रश्न मला त्या गल्लीत दर वेळी पडतो.

जायचं असेल तर अकाउंट फुकट आहे. लॅपटॉप मात्र दणकट हवा. माझा पंख्यासारखा घरघरतो आणि नवीन जागी पोचलं की पहिला मिनिटभर माणसं, भिंती सगळं करडं दिसतं. लिंडन डॉलर पहिल्या महिन्यात विकत घेऊ नका, नाहीतर टोप्यांवर उधळाल. मी उधळले.

त्या रविवारी पाच मिनिटांची पन्नास झाली. आई कोथिंबिरीची जुडी घेऊन दारातच येऊन उभी राहिली.

‘कुठे होतीस इतका वेळ?’

‘बर्लिनला. फिरत होते रात्रीची.’

तिने स्क्रीनकडे पाहिलं. रिकामा रस्ता, दिवे, टोपीवाली बाई पाठमोरी. जुडी माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली,

‘एकटीच?’